उंबऱ्यातला रुपया

मी बँकेत रोखपाल होते. सगळी नोकरी नोटा आणि चिल्लर मोजण्यात गेली, आणि त्या चिल्लरीत जे नाणं वेगळं दिसेल ते पदरचे पैसे भरून मी बाजूला काढत गेले. असा माझा संग्रह झाला. आमच्या मुरूम गावात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचा मला आता ताप झालाय. मोबाइलवर कुणीतरी टाय लावलेला बाबा ओरडून सांगतो की देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती आहात, आणि दुसऱ्या दिवशी माझा चहा व्हायच्या आत दारात माणूस उभा. रुमालाच्या गाठीत नाणं. मी सांगते, बाबा, पाच रुपयांचं नाणं आहे, ह्याचे पाच रुपये येतात. त्याचं तोंड असं पडतं की जणू त्याचे लाख रुपये मीच गिळले.

पण ह्या लोकांचा मला फार राग येत नाही. ते हावरे आहेत आणि हावरे आहोत हे लपवत नाहीत. मला तिटकारा आहे तो शास्त्र सांगत हाव करणाऱ्यांचा.

उमरग्याला आमचं नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष एका मंगल कार्यालयाचे मालक. वयानं माझ्याहून मोठे, पण लिहिताना ह्या माणसाला अहोजाहो करायला माझा हात वळत नाही, तेव्हा तो. लग्नसराई नसली की आमची बैठक त्याच्याच हॉलमध्ये भरते. आम्ही सगळे खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आणि हा वर स्टेजवर, नवरा-नवरीच्या लाल मखमली कोचावर, एकटाच. गळ्यात सोनेरी साखळीला भिंग अडकवलेलं. त्या भिंगातून तो नाण्याकडं कमी आणि आम्हाला ते दिसतंय की नाही ह्याकडं जास्त बघतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं मला विचारलं, मॅडम, संग्रह मिस्टरांचा का? मी म्हटलं, मिस्टर फक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या जमवतात. सगळे हसले, तो हसला नाही. तेव्हापासून आमचं जमत नाही.

ह्या गृहस्थाला दोनेक वर्षांपूर्वी ट्रायलचं वेड लागलं. ट्रायल म्हणजे काय, तर टाकसाळीत नवा ठसा तयार झाला की हजारो नाणी पाडायच्या आधी एखाददुसरं नाणं ठोकून बघतात. नक्षी नीट उठते का, अक्षर फुटतं का. पुष्कळदा एकाच बाजूचा ठसा मारतात, दुसरी बाजू कोरी. बघून झालं की ते परत वितळवायचं असतं. एखादं चुकून बाहेर निसटतं, आणि निसटलं की जमवणारे त्याच्यासाठी जीव टाकतात. अध्यक्षानं हे कुठंतरी वाचलं आणि त्याला जिथं तिथं ट्रायलच दिसायला लागले. पोरांनी रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं, ट्रायल. सोनारानं माळेसाठी कडी लावून नंतर घासून काढलेला रुपया, ट्रायल. एक तर भाजलेल्या घरातला वितळका गोळा होता, त्यालाही भिंग लावून म्हणाला, हा प्रयोग दिसतोय. अकलेचे तारे तोडायला काही परवाना लागत नाही, हेच खरं.

आणि गंमत अशी की ट्रायल ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. एक बारका तराजू लागतो. घासून गुळगुळीत झालेलं नाणं हलकं भरतं, कारण चांदी झिजून कुठंतरी गेलेली असते. ट्रायलची एक बाजू कोरी असते, पण चांदी सगळी जागेवर असते. मग कोऱ्या बाजूला तिरपा उजेड पाडून बघायचं. पत्रा लाटताना पडलेल्या बारीक रेघा तिथं तशाच असतात, कारण त्यांच्यावर ठसा बसलेलाच नसतो. मग कड बघायची. चलनातल्या चांदीच्या रुपयाच्या कडेला दातऱ्या असतात. नमुना घाईत, भोवतीनं धरून ठेवणारं लोखंडी कडं न लावता ठोकलेला असला तर कड साधी राहते आणि नाणं जरासं पसरतं. झालं, एवढंच. पण अध्यक्षाकडं तराजू नाही. तराजू वाण्याकडं असतो, माझ्याकडं नजर आहे, असं तो म्हणतो. त्या नजरेवर मंडळ प्रमाणपत्रं वाटतं, आणि प्रमाणपत्रावर दोन परीक्षकांच्या सह्या लागतात. दुसरी परीक्षक मी. मी आजवर एकाही ट्रायलवर सही केलेली नाही, म्हणून माघारी मला नकारघंटा म्हणतात. म्हणू देत.

संक्रांतीच्या आधी माकणीहून एक म्हातारी आणि तिची नात माझ्याकडं आल्या. म्हातारीला मी लोहाऱ्याच्या शाखेत असल्यापासून ओळखते. निराधारचे पैसे घ्यायला यायची, आणि तेव्हाही रांगेत कुणी मधे घुसलं तर त्याला हाताला धरून मागं नेऊन उभं करायची. नात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. म्हातारी आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता म्हणाली, बाई, माझा रुपया त्या लग्नाच्या हॉलवाल्यानं अडकवून ठेवलाय, तेवढा काढून द्या.

तिनं जे सांगितलं ते असं. तिचा सासरा तरणेपणी मेंढरं भावाच्या हवाली करून हैद्राबादला गेला आणि निजामाच्या टाकसाळीत भट्टीवर लागला. परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक चांदीचा रुपया होता, एका अंगाला चारमिनार आणि दुसरं अंग कोरं. साहेबानं निघताना हातावर ठेवला, असं तो सांगायचा. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. त्यानं घर बांधलं तेव्हा आपल्याकडं बसवतात तसा तो रुपया उंबऱ्यात बसवला, चारमिनार खाली आणि कोरी बाजू वर. कारण विचारलं तर म्हातारी म्हणाली, कोऱ्यावर कुंकू नीट बसतंय. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी उंबरा धुऊन त्या रुपयावर तिनं हळदी-कुंकू वाहिलं होतं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात ते घर बसलं. माणसं काढून झाल्यावर तिच्या मालकानं ढिगाऱ्यातून उंबऱ्याचं लाकूड शोधलं आणि रुपया काढून घेतला. पुढं पुनर्वसनाचं घर मिळालं, त्याला लोखंडी चौकट आणि खाली सिमेंट. रुपया इतकी वर्षं देवाऱ्यात राहिला. मालक जाताना तिला सांगून गेला की आपलं लाकडी उंबऱ्याचं घर होईल तेव्हा ह्याला जागेवर बसव. आता नातीनं स्वतःच्या पगारावर घर बांधलं होतं. सागवानी चौकट आली होती, सुतारानं उंबऱ्यात खाचही पाडली होती, आणि शुक्रवारी वास्तुशांत होती.

नातीनं दिवाळीनंतर रुपया अध्यक्षाला दाखवायला नेला होता, नुसतं हे आहे तरी काय हे विचारायला. त्यानं तो ठेवून घेतला. मागायला गेली की तपासणी चालू आहे. पुन्हा गेली तर म्हणाला, हा टाकसाळीतला माल आहे, सरकारजमा होऊ शकतो, तुम्ही सरकारी नोकरीत आहात, उगं चौकशी मागं लागायची. पोरगी घाबरली. नोकरीच्या नावानं घाबरवायचं हे तंत्र ह्या लोकांना बरोबर येतं. मी बँकेत होते, मला ते तंत्र नवीन नाही, आणि ते वापरणाऱ्याची मला शिसारी येते.

रविवारी बैठक होती. त्या दोघींना घेऊन मी गेले. म्हातारीला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, मावशी, मी बोलेन, तुम्ही गप बसायचं. तिनं मान हलवली.

अध्यक्षानं त्या दिवशी कोचावर नवी चादर टाकली होती. आधी निजामाच्या टाकसाळीवर भाषण झालं, त्यातलं निम्मं चूक. मग त्यानं मखमलीची डबी उघडली आणि सांगितलं की मंडळाच्या इतिहासातला पहिला अस्सल ट्रायल सापडला आहे, पुण्याच्या एका मोठ्या संग्राहकाशी बोलणं झालं आहे, आणि मूळ धारकांचा योग्य सन्मान केला जाईल. योग्य सन्मान म्हणजे शाल आणि नारळ, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग डबी माझ्याकडं आली, सहीसाठी.

मी पर्समधून तराजू काढला. काढला की पुढच्या रांगेत नेहमी खुसखुस होते, तशी झाली. पदराआड तराजू धरून मी रुपया त्यावर ठेवला. वजन पुरेपूर होतं. मी काढून परत ठेवला, पुरेपूरच. खिडकीकडं वळून कोरी बाजू तिरपी धरली. धुण्याघासण्याचे बारीक चरे होते, आणि त्यांच्या खाली, एका दिशेनं सरळ जाणाऱ्या, पत्रा लाटल्याच्या रेघा. कड साधी होती. दातऱ्यांचा मागमूस नाही, आणि घासल्याची खूणही नाही. चारमिनारची नक्षी अशी उठलेली की कमानीतली पोकळीसुद्धा स्वच्छ, कारण ती बाजू एवढी वर्षं लाकडाकडं तोंड करून होती. सगळी जिंदगी चिल्लर चाळण्यात गेली, पुस्तकातल्या फोटोंवर भागवलं, आणि खरा ट्रायल माझ्या तळहातावर आला तो ह्या माणसाच्या हॉलमध्ये. ह्या गाढवाचं आयुष्यात एकदाच बरोबर आलं होतं. तेही न तोलता.

मी त्याला सरळ म्हटलं की वस्तू ह्यांची आहे, परत द्या, सही-बिही नंतर बघू. तो हसून म्हणाला, मॅडम, असा ऐतिहासिक ठेवा उंबऱ्यात गाडायला परत द्यायचा का? उद्या कलेक्टर ऑफिसला कळवावं लागलं तर ह्या ताईंना जड जाईल. नातीनं मान खाली घातली. समोरच्या सगळ्या खुर्च्या माना डोलवत होत्या. इतिहास, ठेवा, राष्ट्र. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जोवर हा रुपया ट्रायल आहे तोवर तो म्हातारीला मिळत नाही.

मग मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हा ट्रायल नाही. उंबऱ्यातला साधा रुपया आहे, माणसांच्या पायांनी एका अंगानं झिजलाय."

अध्यक्षाचं भिंग हातातच राहिलं. उंबऱ्यात बसवलेली नाणी ह्या भागात सगळ्यांनी पाहिलेली आहेत, पण आता सगळे फरशीच्या घरांत राहतात आणि अशा नाण्याचं एक अंग पायांनी झिजू शकतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला.

"आमच्या उंबऱ्यावर कुणी पाय देत न्हाय, बाई."

बरोबर होतं तिचं. आपल्याकडं उंबरा ओलांडतात, त्यावर पाय देत नाहीत. तिथं बसलेल्या एकूण एक माणसाला लहानपणी त्यावरून फटका बसलेला असणार. माझ्या खोट्यात केवढं मोठं भोक होतं, आणि ते मला दिसलं नव्हतं. म्हातारीला मात्र दुसरं काही दिसतच नव्हतं. रुपया गेला, शास्त्र गेलं, तिला एवढंच ऐकू आलं होतं की ह्या बाईनं चारचौघांत तिच्या घरावर बोट ठेवलं. ती उभी राहिली होती आणि रागानं तिची हनुवटी हलत होती. अध्यक्षानं मान तिरपी केली. त्याच्या डोक्यात काहीतरी शिरू बघत होतं. आणखी एक वाक्य ती बोलली असती तर रुपया माझ्या मुठीतून परत त्या डबीत गेला असता.

मी वळून तिच्याकडं बघितलं. डोळ्यांनी विनवण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग रुपया धरलेल्या माझ्या मुठीकडं बघितलं. मग ती खाली बसली आणि जमिनीकडं बघत म्हणाली,

"पोरंसोरं देत्यात पाय. कुणाकुणाला सांगायचं."

ते वाक्य तिच्या तोंडातून दाढ उपटल्यासारखं निघालं. मला तिच्याकडं बघवलं नाही.

अध्यक्षानं शेवटचा एक प्रश्न विचारला, आणि तो नेमका होता: झिजलेला रुपया असेल तर कडेला दातऱ्या का नाहीत? मी एका दमात सांगितलं की खाचेत घट्ट बसावा म्हणून सुतारानं कड घासलेली आहे. वजन किती भरलं, हा एक प्रश्न त्यानं विचारला असता तर मी तिथंच संपले असते. त्यानं तो विचारला नाही, कारण तराजू वाण्याकडं असतो. त्यानं भिंग पुसलं, साखळीसकट खिशात ठेवलं आणि सभेला म्हणाला की मला पहिल्यापासून शंका होतीच. पुढच्या रांगेतल्या दोघांनाही म्हणे होती. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनाही होती. मग त्यानं खाली येऊन माझ्याकडून रुपया घेतला आणि दोन बोटांत धरून तो म्हातारीच्या ओंजळीत टाकला, वरून, अंग न लागू देता, आणि म्हणाला, घ्या आजी, तुमच्या पायाखालची चीज. एवढं बोलून तो चहाला निघून गेला.

उमरग्याच्या स्टँडवर मी दोघींना बाकड्यावर बसवून खरं ते सांगितलं. हा रुपया अस्सल आहे, तो म्हणत होता तेच खरं, मी सगळ्यांसमोर धडधडीत खोटं बोलले. विकायचा असेल तर मी स्वतः बरोबर येते, नीट माणसाकडं नेते, घराचं कर्ज फिटेल. हे सांगणं माझं काम होतं. नात आजीकडं बघत राहिली. म्हातारीनं रुपया चोळीत ठेवला आणि विकण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गाडी लागली तेव्हा चढता चढता ती थांबली.

"रुपयाचं मला सांगू नका. म्या पन्नास माणसांत माझ्या घराची इज्जत घालवली. शुक्रवारी या, आन् ज्या तोंडानं बोललाव त्याच तोंडानं माझ्या दारात सांगा."

मला राग आला. एवढं केलं त्याचं हे, असं घरी येईपर्यंत मनात घोळत होतं. मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, मग नको जाऊस. शुक्रवारी सकाळी मी माकणीच्या गाडीत बसले.

नव्या घरापुढं मांडव होता, भावकी जमली होती, बायांनी ओसरी भरली होती. सुतार उंबऱ्याशी बसला होता. म्हातारीनं चोळीतून रुपया काढून त्याच्या हातात दिला. मी पुढं होऊन म्हटलं, मावशी, निदान चारमिनार वर राहू द्या. ती म्हणाली, न्हाय, होता तसा. सुतारानं रुपया खाचेत पालथा घातला. चारमिनार लाकडाकडं गेला आणि मला दिसेनासा झाला. मग कडेनं बारके खिळे ठोकले. प्रत्येक ठोक्याला माझ्या काळजात कळ येत होती, आणि ती कळ त्या अंगणात दुसऱ्या कुणालाही कळण्यासारखी नव्हती. म्हातारीनं उंबरा धुतला, रुपयावर हळदी-कुंकू वाहिलं, आणि उठून माझ्याकडं बघत उभी राहिली. 

मी सांगितलं. म्हटलं, उमरग्याच्या सभेत मी म्हणाले होते की ह्या घरातला रुपया लोकांच्या पायांनी झिजलाय. ते खोटं होतं. ह्या घरात उंबऱ्यावर कधी कुणी पाय दिलेला नाही.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सभा कसली, रुपया कसला, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की एक शहरी साडीतली बाई भरल्या मांडवात उभी राहून सांगतेय की उंबऱ्यावर पाय देत नाहीत. एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी, वयानं माझ्याएवढीच, शेजारणीला विचारत होती की ही कुठली, हिला एवढंही ठावं न्हाय व्हय. कुणीतरी सांगितलं, बँकेत व्हती म्हणं. त्यावर ती नुसतं "हं" म्हणाली. मी जन्मभर नाण्यांची गाठोडी घेऊन आलेल्या लोकांना जे "हं" ऐकवलं, अगदी तसंच. माझे कान तापले, पण मी उभी राहिले.

म्हातारी दारातून बाजूला झाली. "या आता आत," म्हणाली.

मी चप्पल काढली, निऱ्या उचलून धरल्या आणि उंबरा ओलांडला. सगळ्या बाया माझ्या पायांकडं बघत होत्या.